दम लागणाऱ्यांना आधी श्वास सोडायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं आरोग्याचं पान मी नेमाने वाचते. त्यात अधूनमधून श्वासाच्या व्यायामांवर लेख येतात आणि जवळपास प्रत्येक लेखात सल्ला एकच असतो, लांब खोल श्वास घ्या, छाती पूर्ण भरा, थोडा वेळ रोखून धरा, फुफ्फुसं मजबूत होतील. धडधाकट माणसाला हे चालून जातं. पण ज्याला सीओपीडी आहे, म्हणजे ज्याच्या श्वासनळ्या कायमच्या आकसल्यात आणि फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजल्यात, त्याने हाच सल्ला जसाच्या तसा पाळला तर दम कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. हे कुठेतरी ठळक छापून यायला हवं म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर कापा, फक्त व्यायामाचा भाग तेवढा राहू द्या.

माझ्या आईला हा आजार आहे. तिने आयुष्यात कधी बिडी-सिगारेटला हात लावला नाही, तिची कितीतरी वर्षं लाकडाच्या चुलीच्या धुरात गेली. तरी सीओपीडी म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "घरात कोणी ओढतं का?" जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे श्रीमंत देशांत या आजाराच्या ७० टक्क्यांहून जास्त केसेस तंबाखूच्या धुरामुळे आहेत पण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० ते ४० टक्केच आहे, तिथे घरातला धूर हे मोठं कारण आहे. २०२१ मध्ये जगात ३५ लाख माणसं सीओपीडीने गेली, मृत्यूच्या कारणांमध्ये त्याचा नंबर चौथा लागतो. एवढा मोठा आजार आणि त्याबद्दल सर्वसाधारण माणसाला माहिती किती, तर "मोठा श्वास घे" एवढीच.

आता हा सल्ला का चुकतो ते सांगते, मला एका फिजिओथेरपिस्टनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निरोगी फुफ्फुसाला रबरासारखा ताण असतो, श्वास घेतला की ते ताणलं जातं आणि सोडताना आपोआप आकसतं, त्यामुळे श्वास सोडायला आपल्याला काही करावंच लागत नाही. सीओपीडीत हा ताणच गेलेला असतो, वर बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि हवा आतच अडकते. म्हणजे या पेशंटची पहिली अडचण हवा आत घेण्याची नसतेच, आधीची हवा बाहेर गेलेली नसते म्हणून नवीन हवेला जागा नसते. अशा वेळी माणूस घाबरून पटापट श्वास घ्यायला लागतो, श्वास जितका फास्ट तितका सोडायला वेळ कमी मिळतो, मग प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत साठत जाते, छाती फुगत जाते, छातीखालचा डायफ्रॅम नावाचा मुख्य स्नायू खाली ढकलला जाऊन सपाट होतो आणि सपाट झालेल्या स्नायूत जोर उरत नाही. मग काम येतं मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर. दम लागलेल्या माणसाचे खांदे वरखाली होताना आणि मानेच्या शिरा ताठ झालेल्या आपण बघतो ते याच्यामुळे.

आणि नेमक्या याच वेळी घरातले सगळे गोळा होतात आणि एका सुरात सांगतात की जोरात श्वास घे, मोठा घे. प्रेमापोटीच सांगतात हो. पण भरलेल्या छातीत आणखी भरायला सांगतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या क्षणी सांगायला पाहिजे ते "हळूहळू सोड, अजून थोडा सोड, घाई नको". सोडला की पुढचा श्वास आपोआप येतो.

यासाठीचा व्यायाम अगदी साधा आहे, ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. खांदे सैल सोडून बसायचं, तोंड मिटून नाकाने साधारण दोन आकडे मोजेपर्यंत नेहमीएवढाच श्वास घ्यायचा, मुद्दाम मोठा नाही, आणि मग ओठांचा चंबू करून चार आकडे मोजेपर्यंत तो सावकाश सोडायचा. आकड्यांचं फार मनावर घेऊ नका, घेण्यापेक्षा सोडायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला म्हणजे झालं, आणि जोर लावून फुंकायचं अजिबात नाही कारण जोर लावला की त्या बारीक नळ्या आणखी लवकर मिटतात. चंबू केल्याने तोंडाशी थोडा अडथळा तयार होतो, त्याचा दाब मागे नळ्यांपर्यंत पोचतो आणि त्या जास्त वेळ उघड्या राहतात, श्वासाचा वेगही आपोआप कमी होतो. काहीजण दम लागल्यावर कोणी न शिकवता असं करायला लागतात, शरीराला ते कळतं. पण ज्यांना कळत नाही त्यांना शिकवावं लागतं आणि ते शांत असताना शिकवावं लागतं, ऐन दम लागलेल्या वेळी कुणीच काही नवीन शिकू शकत नाही. म्हणून बरं वाटत असताना रोज दोन-तीन वेळा काही मिनिटं सराव हवा, म्हणजे गरजेच्या वेळी वेगळा विचार करावा लागत नाही.

हा व्यायाम नुसता खुर्चीत बसून करायचा नाही, कामात वापरायचा आहे आणि खरा फायदा तिथेच दिसतो. नियम एवढाच की जोराचं काम श्वास सोडताना करायचं. खुर्चीतून उठायचं असेल तर आधी श्वास घ्यायचा आणि चंबूने सोडत उठायचं. जिना चढताना उभं राहून श्वास घ्यायचा, सोडत एक-दोन पायऱ्या चढायच्या, परत थांबायचं. खाली वाकताना पोट डायफ्रॅमवर दाबलं जातं म्हणून बुटाची लेस बांधताना लगेच धाप लागते, त्यापेक्षा बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला तर वाकावंच लागत नाही. हात डोक्याच्या वर नेऊन करायची कामं, केस विंचरणं, कपडे वाळत घालणं, यात एवढा दम का लागतो हे आईला कळायचं नाही, आम्हालाही कळायचं नाही, हलकीच तर कामं आहेत. पण मानेखांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच हात वर धरायलाही लागतात, दोन्ही कामं त्यांना एका वेळी झेपत नाहीत. कोपर टेबलावर टेकवून केस विंचरले की फरक पडतो. आंघोळीला स्टूलवर बसायचं, अंग पुसायच्या ऐवजी टॉवेलचा गाऊन अंगावर चढवायचा, अशा बारीक बारीक गोष्टी आहेत पण ज्याला आंघोळ करून आल्यावर बराच वेळ बोलताही येत नाही त्याच्यासाठी त्या बारीक नाहीत.

दम लागल्यावर कसं बसायचं तेही शिकवायला पाहिजे. आपण आडवं झोपवायला बघतो आणि झोपल्यावर दम आणखी वाढतो. पुढे झुकून बसवा, कोपर मांड्यांवर टेकवा किंवा समोर टेबलावर उशी ठेवून त्यावर हात आणि डोकं टेकवा. हात टेकलेले असले की खांद्याचे स्नायू श्वासासाठी मोकळे होतात आणि पुढे झुकल्याने पोटाचा दाब डायफ्रॅमला वर उचलतो, त्याला पुन्हा थोडा जोर मिळतो. उभं असताना दम लागला तर भिंतीला पाठ टेकून पाय थोडे पुढे घ्यायचे किंवा कठड्यावर हात टेकून पुढे झुकायचं. आणि एक गोष्ट जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, हातात धरायचा छोटा पंखा. चेहऱ्यावर, नाक आणि ओठांच्या आसपास वारं घेतलं की दम लागल्याची जाणीव कमी होते, कारण तिथल्या नसा थंड वाऱ्याचा निरोप मेंदूला देतात. ऑक्सिजन त्याने वाढत नाही पण घाबरेपणा उतरतो आणि माणूस चंबूच्या श्वासावर येऊ शकतो.

पोटाने श्वास घेण्याबद्दलही जरा जपून लिहायला हवं. पोटावर हात ठेवून, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं, हा व्यायाम सगळीकडे सरसकट सांगतात. ज्यांचा आजार सौम्य आहे आणि छाती फार फुगलेली नाही त्यांना तो जमतो आणि बरंही वाटतं. पण ज्यांचा डायफ्रॅम आधीच सपाट झालाय त्यांना जबरदस्तीने पोटाने श्वास घ्यायला लावला तर मेहनत वाढते आणि दमही वाढू शकतो. म्हणून तज्ज्ञाने समोर बसवून बघावं, आणि त्रास होत असेल तर सोडून द्यावं, "जमत नाही म्हणजे प्रयत्न कमी पडतोय" असं पेशंटला कृपया ऐकवू नये.

यापुढचं काही जणांना आवडणार नाही पण लिहिते. कपालभाती, भस्त्रिका असे वेगाने करायचे प्रकार सीओपीडीच्या पेशंटला ओळखीपाळखीचे लोक अगदी हक्काने सुचवतात. वर सांगितलंय तसं, या आजारात वेग वाढला की हवा अडकते, मग वेगावरच उभा असलेला व्यायाम याला कसा चालेल? श्वास बराच वेळ रोखून धरणंही तसंच. मी योगाच्या विरोधात नाही, उलट सावकाश श्वास, लांब निःश्वास, हलकी आसनं हे सगळं या आजारात उपयोगाचं आहे आणि त्यावर अभ्यासही झालेत. कुठला प्रकार आणि कोणासाठी, एवढाच माझा मुद्दा आहे. तसंच ते तीन छोटे गोळे असलेलं श्वासाचं यंत्र. ते मुख्यतः ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा मिटलेला भाग उघडावा म्हणून देतात, त्यात श्वास आत ओढून गोळे वर न्यायचे असतात आणि बरेच जण त्यात फुंकत बसतात. सीओपीडीसाठी ते आपणहून विकत आणून गोळे वर गेले की फुफ्फुस सुधारलं असं मानायचं, यात काही अर्थ नाही. फुगे फुगवण्याचंही तेच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कफ ज्यांना जास्त होतो त्यांच्यासाठी वेगळं तंत्र आहे. खोकून खोकून माणूस थकतो आणि कफ तिथेच राहतो, त्यापेक्षा हफ करायला शिकावं. मध्यम श्वास घ्यायचा, तोंड आणि घसा उघडा ठेवायचा आणि चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं "हाऽऽ" करत पोटाच्या जोराने हवा बाहेर टाकायची. कफ खाली असेल तर हफ लांब, वर आला की मोठ्या श्वासाने छोटा हफ. त्याच्या आधी थोडा वेळ शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, मग एक-दोन हफ, परत शांत श्वास, असं चक्र करतात. बघा, इथे खोल श्वासाला जागा आहे, कारण त्याने हवा कफाच्या मागे जाते आणि हफने कफ वर येतो. म्हणजे खोल श्वास वाईट असतो असं नाही, तो कधी आणि कशासाठी ते ठरलेलं असावं लागतं. ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यात कफ साठत राहण्याचा आजार, असलेल्यांना तर हे कफ काढणं रोजचंच असतं.

फुफ्फुसाचे सगळे जुनाट आजार एका गोणीत भरू नयेत हेही सांगायचं होतं. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुस कडक होतं, तिथे हवा अडकत नाही, ती आत घ्यायलाच जोर लागतो आणि खोल श्वासाने अनेकांना खोकल्याची उबळ येते. दम्यात नळ्या आकसतात आणि परत मोकळ्या होतात, त्याचं गणित आणखी वेगळं. लेखाच्या वर "श्वसनविकारांसाठी व्यायाम" असं एकच शीर्षक दिलं की वाचणारा आपला आजार कुठला हे न बघता सुरू करतो.

या व्यायामांनी आजार बरा होतो असं मात्र कुणी छापू नये. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायच्या तपासणीचे, आकडे त्याने सुधारत नाहीत, झिजलेल्या पिशव्या परत येत नाहीत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये १६ अभ्यास आणि १,२३३ पेशंट एकत्र करून बघितलं तेव्हा चंबूचा श्वास, पोटाचा श्वास, योगाचा श्वास अशा व्यायामांनी काही आठवड्यांत चालण्याची क्षमता वाढलेली दिसली, पण दम लागण्यात आणि एकूण जगण्याच्या दर्जात सगळीकडे सारखा फायदा दिसला नाही. म्हणजे हे एक चांगलं हत्यार आहे, सगळी लढाई त्याच्यावर सोपवता येत नाही.

खरा फायदा पल्मोनरी रिहॅबचा, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठीच्या व्यायाम आणि शिक्षणाच्या कार्यक्रमाचा आहे आणि त्याबद्दल तर लेख येतच नाहीत. त्यात पेशंटची आधी तपासणी होते, सहा मिनिटांत किती चालतो ते मोजतात, मग साधारण सहा ते बारा आठवडे देखरेखीखाली चालणं, सायकल, हातापायांच्या ताकदीचे व्यायाम, श्वासाची तंत्रं, इनहेलर नीट घ्यायला शिकवणं, खाणंपिणं, मनाचा धीर, सगळं एकत्र असतं. दम लागतो म्हणून माणूस चालणं टाळतो, न चालल्याने पायांचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, मग दम आणखी लवकर लागतो आणि तो आणखी बसून राहतो. हे चक्र रिहॅब तोडतं. फुफ्फुस तेवढंच राहतं पण पाय सुधारतात आणि त्यामुळे माणूस परत अंगणापर्यंत, दारापर्यंत, मग पुढे जायला लागतो. कॉक्रेनचाच २०१५ चा आढावा आहे, ६५ चाचण्या, ३,८२२ पेशंट, दम, थकवा, चालणं सगळ्यात फायदा इतका स्पष्ट होता की रिहॅब द्यावं की नाही यावर आता नव्या चाचण्यांची गरज उरलेली नाही असं त्यांनी म्हटलं. एवढा पुरावा असूनही आमच्या आईच्या कागदांवर कितीतरी काळ कुणी हा शब्द लिहिला नव्हता, औषधं वाढत गेली, व्यायामाबद्दल एकच वाक्य, "आराम करा". दम लागू द्यायचाच नाही ही भीती डॉक्टरांकडून घरच्यांकडे आणि घरच्यांकडून पेशंटकडे येते. रिहॅबमध्ये उलट शिकवतात की थोडा दम लागणं धोक्याचं नसतं, ० ते १० च्या मापावर तुमचा दम किती ते सांगा, ३-४ पर्यंत चालेल, बोलता येतंय ना, मग चाला. आईला हे पटायला वेळ लागला पण पटलं.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी होणं नेहमी बरोबर चालत नाहीत, आकडा चांगला असूनही दम लागतो आणि कधी दम फार नसताना आकडा घसरलेला असतो, म्हणून बोटाला सतत क्लिप लावून आकड्याकडे बघत बसल्याने घाबरेपणा तेवढा वाढतो. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त करू नका, या आजाराच्या काही पेशंटमध्ये ऑक्सिजन जास्त दिल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात.

इनहेलर कुणीही बंद करू नये, व्यायाम त्याच्या जोडीने आहेत. आणि ओठ निळसर दिसायला लागले, माणूस गुंगीत जायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला, एक वाक्यही पूर्ण करता येईना, छातीत दुखायला लागलं तर व्यायाम करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. कफाचा रंग बदलला किंवा तो अचानक वाढला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

संपादकसाहेब, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, श्वासाच्या व्यायामाचा लेख छापताना तो कोणत्या आजारासाठी आहे आणि कोणी करू नये हे लेखाच्या सुरुवातीलाच द्या, शेवटी बारीक टाइपात नको. दोन, एखाद्या रविवारी पाव पान फक्त चित्रांना द्या, पुढे झुकून बसलेला माणूस, टेबलावर टेकलेला, भिंतीला टेकून उभा असलेला आणि ओठांचा चंबू, बाजूला मोठ्या अक्षरात "आधी सोडा" आणि धोक्याची लक्षणं. लोक ते कापून भिंतीवर लावतील. छातीच्या डॉक्टरांना आणि फॅमिली डॉक्टरांनाही तुमच्या पानातून विचारा की तुमच्या सीओपीडीच्या पेशंटला तुम्ही पल्मोनरी रिहॅबसाठी पाठवता का, आणि जवळपास सेंटर नसेल तर घरी करण्यासारखं काय लिहून देता. त्यांची उत्तरं आली की छापा, आम्ही वाट बघतोय.

आपली,
एक नियमित वाचक